एकशे तीन पायऱ्या

पुण्यातल्या कोणत्याही घरात पर्वतीचे नाव काढा, निदान एक तरी माणूस म्हणेल, “उद्यापासून पर्वती सुरू करायची आहे.” रक्तातली साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले की पर्वती आठवते, निवृत्तीचा निरोपसमारंभ आटोपला की पर्वती आठवते, आणि नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली की तर हमखास आठवते. शेकडो माणसे ती रोज चढतात. पण जे चढत नाहीत, तेही अनेक वर्षे ती ‘उद्या’ चढणार असतात. म्हणून चालढकलीविषयी चार गोष्टी बोलायच्या, तर याहून योग्य जागा मला सुचत नाही. आज तुम्ही माझ्याबरोबर तिथे या. गुडघे दुखत असतील, तरी काळजी नको. ही चढण वाचता वाचता करायची आहे, आणि आपण वाटेत पुष्कळ वेळा थांबणार आहोत.

हिवाळ्यातली सकाळ आहे असे समजा. तळ्यातल्या गणपतीला हात जोडून तुम्ही पर्वतीच्या पायथ्याशी आला आहात. समोर दगडी पायऱ्यांची रुंद वाट वर गेली आहे. या पायऱ्या १०३ आहेत. त्या इमारतीतल्या जिन्यासारख्या अरुंद आणि उभ्या नाहीत. रुंद, काहीशा उतरत्या आहेत, आणि एकेका पायरीवर दोन पावले सहज मावतात. त्यामुळे ही चढण पायाला जितकी कठीण जाते, त्याहून डोळ्याला अधिक कठीण वाटते. खाली उभे राहून वर पाहिले की सगळा डोंगर एकदम अंगावर येतो, आणि मन म्हणते, “आज नको. आज थंडी आहे.”

इथेच पहिला थांबा घेऊ, कारण चालढकलीचा उगम याच क्षणी होतो. आपल्याकडे काम लांबणीवर टाकणाऱ्याला सरळ आळशी म्हणतात. ‘आळसे कार्यभाग नासतो’ हे लहानपणी पाटीवर गिरवलेले असते, त्यामुळे वार्धक्यातही माणूस स्वतःला तेच दूषण देत राहतो. पण आळशी माणूस निवांत असतो. चालढकल करणारा निवांत नसतो. न केलेले काम त्याला दिवसभर टोचत असते. मानसशास्त्रज्ञ फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ साली या सवयीविषयी एक मांडणी केली. तिचा सारांश असा, की चालढकल करणारा माणूस मुख्यतः त्या कामासोबत येणारी नकोशी भावना टाळत असतो. डोळ्यांची तपासणी लांबते, कारण डॉक्टर काय सांगतील याची भीती असते. मृत्युपत्र लांबते, कारण ते लिहिताना आपण नसलेले घर डोळ्यांसमोर आणावे लागते. श्रवणयंत्र लांबते, कारण ते कानाला लावले की आपण म्हातारे झालो, हे चारचौघांना दिसेल असे वाटते. ‘उद्या’ म्हटले की ती भावना तेवढ्यापुरती दूर होते आणि बरे वाटते. त्या बरे वाटण्याचीच सवय लागते.

आता वर पाहू नका. समोरच्या पायरीकडे पाहा. ती वीतभरच उंच आहे. चढा.

पंचवीस-तीस पायऱ्या झाल्या की श्वास थोडा लागतो. कडेला व्हा, टेका, आणि या देवस्थानाची एक आख्यायिका ऐका. नानासाहेब पेशव्यांच्या मातोश्री काशीबाई यांना पायाचे दुखणे होते. पर्वतीवरच्या देवीला त्यांनी नवस केला, पाय बरा झाला, आणि मातोश्रींच्या नवसापोटी नानासाहेबांनी इथे देवदेवेश्वराचे मंदिर बांधविले, असे सांगतात. मंदिराचे काम १७४९ सालचे. आईच्या दुखऱ्या पायांसाठी मुलाने बांधलेली ही वास्तू आहे, हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक होते. त्याचा माझ्याशी काही संबंध आहे, हे मात्र फार उशिरा कळले.

माझ्या आईला पर्वतीवर जायचे होते. नवी नवरी म्हणून पुण्यात आली, तेव्हा ती दर सोमवारी सासूबाईंबरोबर पायऱ्या चढत असे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने मला सहज म्हटले, “अरे, एकदा वर नेऊन आण. हळूहळू चढेन मी.” मी म्हटले, “पुढच्या रविवारी जाऊ.” तो रविवार पाहुण्यांत गेला. पुढे पावसाळा आला, मग तिच्या गुडघ्यांचे निमित्त झाले, मग माझ्या. अशी चार वर्षे गेली. आईने आठवण करून देणे हळूहळू सोडून दिले. तिने हट्ट सोडला याचे मला मनातून बरेच वाटले, हे आज लिहिताना संकोच होतो.

याच काळात तिने आणखी एक लहानसे काम सांगितले होते. न्हाणीघरात धरायला भिंतीवर एक दांडा बसवून हवा होता. तो मी आणलाही. स्टीलचा दांडा, स्क्रूच्या पुडीसकट, खोक्यात घालून माळ्यावर ठेवला. भिंतीला भोक पाडायला माणूस बोलवायचा, एवढेच राहिले होते. पाच महिने तेवढेच राहिले. एका पहाटे ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ती रुग्णालयात असताना मी त्या माणसाला फोन केला. तो दुपारी आला, ड्रिलने चार भोके पाडली, दांडा घट्ट बसवला, फरशीवरची धूळ पुसली आणि निघून गेला. सारे काम वीस मिनिटांत झाले. त्या वीस मिनिटांत मी न्हाणीघराच्या दाराशी उभा होतो. ड्रिलचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. आई उभी राहिली, वॉकर धरून घरात चालू लागली. या वयात खुब्याच्या हाडानंतर माणूस अंथरुणाला खिळला, तर शय्याव्रण, फुप्फुसांचा संसर्ग, पायातल्या रक्तवाहिनीत गुठळी अशी संकटे ओळीने उभी राहतात. त्या मानाने आमचे नशीब बरे. पण पर्वती मात्र तिच्या पायांतून कायमची गेली.

हे सांगण्याचा हेतू तुम्हाला हळहळ वाटावी हा नाही. लहान कामाचे आणि मोठ्या परिणामाचे नाते डोळ्यांसमोर यावे, एवढाच आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत जी कामे लांबतात, ती बहुधा लहानच असतात: न्हाणीघरातला दांडा, घसरणारे पायपुसणे, जिन्यातला विझलेला दिवा, चष्म्याचा बदललेला नंबर, सैल झालेली कवळी. आणि जी मोठी वाटतात, तीही पुढे ढकलल्याने सोपी होत नाहीत. मोतीबिंदू ‘पिकल्यावरच’ काढायचा, हा जुना समज अजून घराघरांत आहे. आजच्या शस्त्रक्रियेसाठी तो पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अधिक अवघड असते. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला इजा होत असते, तेव्हा सुरुवातीला नजरेत काहीच फरक जाणवत नाही. म्हणून त्रास नसतानाही वर्षातून एकदा तपासणी हवी. श्रवणयंत्राला जितका उशीर, तितके त्याच्या आवाजाशी जुळवून घेणे जड जाते.

आता निम्मी चढण संपली आहे. मागे वळून पाहिले, तर शहर पायांशी उतरलेले दिसते. तुमच्या बाजूने एखादा तरुण धावत वर जाईल. त्याच्याशी स्पर्धा करू नका. पलीकडे एक आजोबा काठी टेकीत, दर दहा पायऱ्यांनी थांबत चढत असतात. त्यांच्याकडे पाहून त्यांना कोणी आळशी म्हणेल का? हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो आहे, आणि तो जे घरी ज्येष्ठांची देखभाल करतात त्यांच्यासाठी आहे. जो माणूस पूर्वी तत्पर होता आणि आता प्रत्येक गोष्ट ‘राहू दे, बघू’ म्हणून टाळू लागला आहे, त्याच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढू नका. उतारवयातले नैराश्य अनेकदा रडण्यातून प्रकट होत नाही; ते निरुत्साहातून प्रकट होते. थायरॉइडचे कार्य मंदावले, रक्त कमी झाले, रात्रीची झोप उडाली, तरी माणूस कामे टाळू लागतो. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीही पुढाकार घेण्याची शक्ती कमी होते. बँकेचा अर्ज पुढ्यात असतो, पण त्यातली कोणती पायरी आधी, हे उमगत नाही, आणि कबूल करायला संकोच वाटतो. अशा वेळी उपदेश निरुपयोगी असतो. हा बदल काही आठवडे टिकून असेल, तर डॉक्टरांना दाखवणे हेच पहिले काम. तेही लांबवू नका.

उरलेल्या पायऱ्या आता एका दमात नको, पण एका संथ लयीत चढू. वर आलात! देवदेवेश्वराला नमस्कार करा. आवारात कार्तिकेयाचे आणि विष्णूचेही मंदिर आहे. पेशवेकालीन वस्तूंचे संग्रहालय आहे. आणि ज्या जागी नानासाहेबांनी अखेरचा श्वास घेतला, ती जागाही याच टेकडीवर आहे.

त्या जागेपाशी क्षणभर थांबू. १७६० साली मराठ्यांची मोठी फौज उत्तरेत अब्दालीसमोर अडकली होती आणि पुण्याकडून मदतीची वाट पाहत होती. त्या वर्षी डिसेंबरच्या अखेरीस नानासाहेबांचे पैठणला लग्न झाले. ते उत्तरेकडे निघाले होते, पण १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर रण पडले आणि माळव्यात त्यांना बातमी पोचली, तेव्हा सारे संपून गेले होते. या विलंबाबद्दल इतिहासकारांनी त्यांना दोष दिला आहे. ते वेळेवर निघते, तर निकाल बदलता का, हा वाद न मिटणारा आहे. खचलेले नानासाहेब पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी इथे पर्वतीवर वारले. वय अवघे चाळीस. आईसाठी ज्यांनी हे देऊळ वेळेवर उभे केले, त्यांच्याच आयुष्यात हा एक उशीर राहून गेला. आपल्यासारख्यांना यातून एक दिलासा घेता येतो. उशीर करणारा माणूस कर्तृत्वहीनच असतो, असे नाही.

समाजही चालढकल करतो, याची खूण याच पायऱ्यांवर आहे. १९२९ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या आपल्याच बांधवांना या मंदिरात प्रवेश मिळावा, म्हणून पर्वतीवर सत्याग्रह झाला. ‘अजून वेळ आलेली नाही’ हे उत्तर त्यांच्या कित्येक पिढ्यांनी ऐकले होते. तो सत्याग्रह तेव्हा यशस्वी झाला नाही. पण ते पायऱ्या चढून आले, ही गोष्ट कोणालाही पुसता आली नाही.

आता कठड्यापाशी या. हवा स्वच्छ असेल, तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो. खाली शहर पसरलेले असते. वारा घाम सुकवतो. इथे बसून सवय मोडण्याच्या उपायांविषयी बोलू. चढून आलेल्या माणसाला ते अधिक पटतात.

पहिला उपाय पायरीचा. काम इतके लहान करा की त्याची भीती वाटू नये. ‘मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे’ हा डोंगर आहे. ‘डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर वहीत लिहायचा’ ही पायरी आहे. आज तेवढेच करा.

दुसरा उपाय वेळेच्या खुंटीचा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिले, की नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशी बांधणी केलेला संकल्प अधिक तडीस जातो. ‘रोज चालायला जाईन’ असे म्हणू नका. ‘सकाळचा चहा झाला, कपबशी विसळून ठेवली, की चपला घालीन’ असे म्हणा. कपबशी ही खुंटी झाली. संकल्प तिला टांगा.

तिसरा उपाय सोबतीचा. फाटकाशी कोणी वाट पाहत असेल, तर पाय आपोआप निघतात. देखभाल करणाऱ्यांनी ‘बाबा, तुम्ही फोन केला का?’ असे दिवसातून तीनदा विचारण्याऐवजी एकदा शेजारी बसून म्हणावे, ‘मी नंबर लावून देतो, तुम्ही बोला.’ तगाद्याने मन आणखी लपते. काम पूर्ण काढून घेणेही बरे नव्हे. त्याने ज्येष्ठांची उरलीसुरली उमेद जाते. निम्मे त्यांनी करावे, निम्मे तुम्ही.

चौथा उपाय क्षमेचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. अपराधीपणाने काम नकोसे होते, आणि नकोसे झालेले काम आणखी लांबते. मला हे पटायला दोन वर्षे लागली. एके दिवशी आईच मला म्हणाली, “दांड्याचं किती दिवस घेऊन बसणार आहेस? माझं काय राहिलंय ते सांगते, ते कर.” आणि तिने यादीच सांगितली. त्या यादीत पहिले काम होते: “तू जाऊन ये वर. आणि काय काय दिसलं ते मला येऊन सांग.”

तेव्हापासून दर रविवारी मी चढतो. पहिल्या दिवशी चाळीस पायऱ्यांवरून परतलो. तेही आईला सांगितले. ती म्हणाली, “चाळीस म्हणजे काही कमी नाही.”

आता उतरायचे आहे. उतरणे सोपे समजू नका. उतरताना गुडघ्यांवर अधिक भार येतो आणि तोल जाण्याचा धोकाही असतो. काठी घ्या, तळवा घसरणार नाही अशी पादत्राणे घाला, पावसाळ्यात ओल्या दगडावर जाऊच नका. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचा तीव्र विकार असेल, तर चढण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशी पोटी निघू नका. खिशात साखरेच्या दोन पुड्या ठेवा. छातीत दडपण, घाम फुटणे, चक्कर, नेहमीपेक्षा अधिक धाप यांपैकी काहीही जाणवले, तर तिथेच थांबा आणि मदत मागा. ही लक्षणे ‘घरी गेल्यावर पाहू’ म्हणण्याची नव्हेत.

आणि पर्वती ज्यांना शक्य नाही, त्यांची पर्वती सोसायटीच्या आवारात असते, गच्चीत असते, कधी खाटेपासून खिडकीपर्यंतही असते. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल सावरण्याचे व्यायाम सुचवते. तेवढे जमत नसेल, तर जमेल तितके. थोडे चालणेही मुळीच न चालण्यापेक्षा चांगले.

गेल्या महिन्यात आईला चाकाच्या खुर्चीतून सारसबागेत नेले. तिथून तिने मान वर करून पर्वती पाहिली. बराच वेळ पाहिली. मला वाटले, आता डोळे भरून येतील. पण ती म्हणाली, “पुढच्या सोमवारी पुन्हा आण. आणि हे बघ, सोमवारी म्हणजे सोमवारी.” मी तिथेच उभ्या उभ्या रिक्षावाल्याला पुढच्या सोमवारची वेळ सांगून ठेवली.

तुमच्या घरीही माळ्यावर असे एखादे खोके असेल. ते कोणते, हे तुम्हाला ठाऊक आहे; हा लेख वाचताना ते एकदा तरी आठवलेच असेल. हा अंक बाजूला ठेवा आणि ते खोके आधी खाली काढा. भिंतीला भोक पाडणाऱ्या माणसाला आजच फोन करा.